हिंगाष्टक, आलं, हळद, इसबगोल: पोटाच्या तक्रारीवर काही महिने वापरून आलेला अनुभव

आधी निकाल सांगते. इसबगोल आणि आलं माझ्याकडे कायमचं राहिलं. हिंगाष्टक जड जेवणापुरतं राहिलं. हळदीच्या कॅप्सूल बंद केल्या आणि रात्री घ्यायचं रेचक चूर्ण घरातून काढून टाकलं. पावसाळ्याच्या तोंडापासून संक्रांतीपर्यंत एका वेळी एकच वस्तू घ्यायची, काही आठवडे घेतली की थोडे दिवस थांबायचं, आणि रोजचा त्रास वहीत लिहायचा, असं मी केलं. सोबत ज्या वस्तूवर माणसांत झालेल्या चाचण्या आहेत त्या शोधून वाचल्या. सांगलीत पोटाचं औषध सांगायला कुणी मागे हटत नाही. घरी, ऑफिसात, भाजी घेताना, कुठेही सल्ला मिळतो. पण कुठल्या तक्रारीला कुठली वस्तू, किती आणि किती दिवस, हे विचारलं की पुढचं कुणाला सांगता येत नाही. तेवढंच इथे लिहिते आहे.

माझी तक्रार दोन प्रकारची होती. जेवताना चार घासांत पोट भरल्यासारखं व्हायचं आणि नंतर दोन तास वरच्या पोटात दगड ठेवल्यासारखं जड वाटायचं, ढेकरा यायच्या. दुसरी तक्रार खालची: दोन-तीन दिवस पोट साफ नाही, झालं तरी खडा. मिरजेत पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं. एंडोस्कोपी झाली, जठरात जखम नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची तपासणी केली, तीही निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी या दुखण्याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हटलं. अवयव धड असतो, पण जेवण आल्यावर जठर हवं तसं सैल पडत नाही, काहींचं रिकामं व्हायला वेळ लावतं, आणि तिथल्या नसा जरुरीपेक्षा जास्त जाणवून देतात. काही आठवडे आम्ल कमी करणारी गोळी दिली. छातीतली जळजळ गेली, जडपणा तसाच राहिला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "घरगुती घ्यायचं असेल तर घ्या, पण एका वेळी एकच घ्या, आणि काय घेताय ते मला सांगत जा." पुढचं सगळं मी या एका वाक्यावर केलं.

तपासणीचं आधी लिहिलं ते मुद्दाम. वजन आपोआप उतरत असेल, घास गिळताना अडकत असेल, शौच डांबरासारखी काळी होत असेल किंवा रक्त जात असेल, उलट्या थांबत नसतील, रक्त कमी झालं असेल, किंवा पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला असेल, तर ओवा-हिंग बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. आणि चालताना वाढणारी, घाम फोडणारी, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी 'गॅस'ची कळ ही हृदयाची असू शकते. तिच्यावर सोडा पिऊन थांबायचं नसतं.

सुरुवात हिंगाष्टकापासून केली, कारण ते घरातच होतं. माझ्या सासूबाई कवठेमहांकाळकडच्या. त्या चूर्ण विकत आणत नाहीत. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरं, शहाजिरं आणि सैंधव सारखं घ्यायचं, आठवा हिंग तुपात फुलवून घ्यायचा, सगळं कुटून वस्त्रगाळ करायचं. "अगं, जेवण झाल्यावर नाही घ्यायचं ते. पहिल्या घासाला तुपाबरोबर घे," हे त्यांनी मला बजावून सांगितलं, आणि आयुर्वेदातही ते तसंच घ्यायला सांगितलं आहे. मी गरम भाताच्या पहिल्या घासात पाव चमचा घेत गेले. फरक पडला तो ढेकरा आणि पोट फुगण्यात. हरभऱ्याची उसळ, वांग्याचं भरीत आणि भाकरी, श्रावणातलं पुरणाचं जेवण, या दिवशी तो स्पष्ट जाणवला. साध्या आमटी-भाताच्या दिवशी घेतलं काय आणि नाही घेतलं काय, वहीत सारखंच दिसतं. बद्धकोष्ठावर तर काहीच उपयोग झाला नाही.

या मिश्रणातल्या हिंगावर २०१८ मध्ये आपल्याकडचीच एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. अपचनाची तक्रार असलेल्या ४३ जणांत काहींना हिंगापासून बनवलेलं २५० मिलिग्रॅमचं औषध दिवसातून दोनदा, ३० दिवस दिलं, बाकीच्यांना बिनऔषधाच्या कॅप्सूल. औषधवाल्यांना जास्त आराम पडला. चाचणी लहान आहे, आणि तो हिंग म्हणजे आपल्या डबीतला हिंग नव्हे. आपण घेतो तो बहुतेक बांधणीचा हिंग, म्हणजे मूळ डिंकात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि बाभळीच्या जातीचा डिंक मिसळलेला. ज्यांना गव्हाचं ग्लुटेन चालत नाही त्यांनी डबीवरचे घटक वाचूनच घ्यावा. खरा हिंग फेरुला नावाच्या झाडाच्या मुळातून येतो, आणि तो आपण वर्षानुवर्षं अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडून आणतो. भारतात त्याची लागवड २०२० च्या ऑक्टोबरात हिमाचलातल्या लाहौलमध्ये सुरू झाली.

एक गोष्ट घरात कुणी बोलत नव्हतं: हिंगाष्टकात सैंधव आहे आणि सैंधव हे मीठच आहे. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि त्या दोन्ही वेळा चमचा भरून घ्यायच्या. आता त्यांचं वेगळं, सैंधवाशिवाय कुटतो.

आल्याचं मला सगळ्यात बरं वाटलं, म्हणजे पोटाच्या वरच्या तक्रारीसाठी. जेवणाआधी अर्धा तास किसलेलं आलं, लिंबाचे चार थेंब, किंचित मीठ. गच्चपणा पूर्ण गेला नाही, पण दोन तासांचा तासावर आला, आणि सकाळची मळमळ तर जवळजवळ थांबली. आल्यावरचा अभ्यास वाचताना मला माझ्या अनुभवाकडे नीट पाहावं लागलं. तैवानच्या संशोधकांनी २००८ मध्ये २४ निरोगी माणसांना १.२ ग्रॅम सुंठ पावडर कॅप्सूलमधून दिली, आणि जठर निम्मं रिकामं व्हायला लागणारा वेळ सुमारे २७ मिनिटांवरून १३ मिनिटांवर आला. नंतर २०११ मध्ये माझ्यासारखाच त्रास असलेल्या ११ रुग्णांत तेच केलं. जठर लवकर रिकामं झालं, साधारण १६ ऐवजी १२ मिनिटांत. पण रुग्णांना जाणवणाऱ्या त्रासात फरक दिसला नाही. म्हणजे आलं जठराला हलवतं हे मोजून दिसलं आहे, त्यामुळे प्रत्येकाला हलकं वाटेलच असं नाही. मळमळीवर मात्र, विशेषतः गरोदरपणातल्या, आल्याचा पुरावा बराच चांगला आहे, आणि माझ्या वहीतही मळमळच सगळ्यात आधी गेली. ज्यांना जळजळ होते त्यांना आल्याने ती वाढू शकते. उपाशीपोटी जास्त घेतलं त्या दिवशी मलाही छातीत चुरचुरलं.

आता हळद. सांगलीच्या माणसाला हळदीबद्दल निवांत बोलता येत नाही. मार्केट यार्डात सौदे निघतात, हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत पूर्वी हळद साठवायचे, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं मला मनापासून मोठं वाटतं. पण पोटासाठी हळद घ्यायची तर अभिमान बाजूला ठेवून आकडे बघायला हवेत, आणि ते बघताना मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

थायलंडमध्ये झालेली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी बऱ्याच जणांनी मोबाइलवर वाचली असेल: "हळद ही अॅसिडिटीच्या गोळीइतकीच गुणकारी." मूळ चाचणीत अपचनाचे २०६ रुग्ण घेतले, १५१ शेवटपर्यंत टिकले. एका गटाला कर्क्युमिन (हळदीतलं मुख्य द्रव्य), एकाला ओमेप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी), एकाला दोन्ही. २८ आणि ५६ दिवसांनी तिन्ही गटांत आराम जवळजवळ सारखा. दोन्ही एकत्र घेऊन जास्तीचा फायदा झाला नाही. मात्र तिथे कर्क्युमिन रोज २ ग्रॅम दिलं होतं. आपल्या डब्यातल्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ ते ५ टक्के असतं. म्हणजे तेवढं मिळवायला दिवसाला ४० ते ६७ ग्रॅम हळद पोटात जायला हवी. हळदीच्या दुधात आपण अर्धा चमचा टाकतो. शिवाय त्या चाचणीत फक्त खोट्या कॅप्सूल घेणारा चौथा गट नव्हता, त्यामुळे औषध न घेता किती जण बरे झाले असते हे तिच्यातून कळत नाही.

हे कळायला थायलंडचीच जुनी, १९८९ ची चाचणी उपयोगी पडते. तिथे साधी हळद कॅप्सूलमधून, एका वेळी ५०० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, आठवडाभर दिली. म्हणजे दिवसाला २ ग्रॅम हळद, घरात सहज जमेल एवढी. हळद घेतलेल्या ८७ टक्के लोकांना बरं वाटलं. आणि खोट्या कॅप्सूल घेतलेल्या ५३ टक्के लोकांनाही. हा दुसरा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. पोटाचा हा त्रास आपोआप कमी-जास्त होतो, आपण काहीतरी करतो आहोत या भावनेनेही उतरतो, आणि 'मला तर लगेच फरक पडला' असं सांगणाऱ्यांत अशी निम्मी माणसं असू शकतात. त्यात मीही असेन, म्हणूनच मध्ये थांबून बघण्याची सवय लावली.

हळद मी आधी घरची घेतली, जेवणानंतर कोमट पाण्यातून पाऊण चमचा. महिनाभर घेऊन वहीत फारसं काही हललं नाही. मग कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेतल्या, मिरीतल्या पिपेरिनसकट. पिपेरिन कशाला, तर कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार कमी शोषलं जातं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ मध्ये २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन देऊन बघितलं तेव्हा रक्तात पोचणारं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. जाहिरातींत हेच छापलेलं असतं. पण जास्त शोषण म्हणजे यकृतावर जास्त भार पडण्याचीही शक्यता. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेवर नजर ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे झालेल्या १० घटना मांडल्या. त्यातल्या ५ जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, एक दगावला. काही गोळ्यांत पिपेरिनही होतं. इटलीतही कर्क्युमिनच्या गोळ्यांनंतर काविळीसारख्या घटना आल्या आणि तिथे वेष्टणावर इशारा सक्तीचा झाला. भाजी-आमटीतल्या हळदीबद्दल हे नाही. मला कॅप्सूलने जडपणात थोडा आराम होता, आल्यापेक्षा जास्त नाही. डॉक्टरांना दाखवल्यावर त्यांनी यकृताची तपासणी करून घेतली, ती नीट आली, आणि आल्याने भागत असेल तर ही जोखीम कशाला, असं विचारलं. मला ते पटलं. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हळदीच्या कॅप्सूलच्या वाटेला विचारल्याशिवाय जाऊच नये. हळद पित्ताशयाला आकुंचन पावायला लावते.

ओवा, बडीशेप, जिरं यांचं थोडक्यात. ओव्यात थायमॉल असतं, तोंडात टाकल्यावर जी झणझणीत चव येते ती त्याची. प्रयोगशाळेत त्याचे बरेच गुण दिसतात, माणसांवरच्या चांगल्या चाचण्या मात्र मोजक्या आहेत. ओवा-सैंधव चावून गरम पाणी प्यायले की अर्ध्या तासात ढेकर सुटते, हा अनुभव मला दरवेळी आला. पण नुसतं गरम पाणी पिऊन विश्रामबागेत एक चक्कर मारली तरी जवळपास तेवढंच होतं, हेही वहीत आहे. बडीशेप आवडते म्हणून खाते. तिचं तेल कर्क्युमिनसोबत देऊन आतड्याच्या त्रासावर चाचणी झाली आहे आणि तिथे फायदा दिसला, पण जेवणानंतरची चिमूटभर बडीशेप म्हणजे ते औषध नाही. पुदिन्याचंही असंच. पोटात मुरड येऊन दुखतं त्यांच्यासाठी पुदिन्याच्या तेलाच्या, आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या कॅप्सूल आहेत आणि अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ मध्ये त्यांची शिफारस केली आहे. पुदिन्यातलं मेंथॉल आतड्याचे स्नायू सैल करतं. तेच मेंथॉल अन्ननलिकेच्या खालचं दारही सैल करतं, म्हणून जळजळवाल्यांना पुदिन्याच्या चहाने उलट त्रास होतो.

आणि आता इसबगोल, ज्याचं कौतुक कुणी करत नाही. त्याला वास नाही, चव नाही, आजीची आठवण नाही. पण या सगळ्या यादीत सगळ्यात भक्कम पुरावा याच्याच मागे आहे आणि माझ्या वहीतही सगळ्यात मोठा बदल यानेच झाला. ही एका छोट्या झुडपाच्या बियांची साल, आपल्याकडे मुख्यतः गुजरात-राजस्थानात पिकते. पाणी धरून तिचा गर होतो, तो आतड्यात शेवटपर्यंत टिकतो, म्हणून खडा मऊ होतो. नेदरलँड्समध्ये आतड्याच्या त्रासाच्या २७५ रुग्णांत १२ आठवडे तुलना झाली होती, २००९ मध्ये प्रसिद्ध झाली: रोज १० ग्रॅम इसबगोल, तेवढाच गव्हाचा कोंडा, किंवा तांदळाचं पीठ. इसबगोलवाले सुधारले. कोंडा घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्रास वाढला म्हणून मध्येच सोडलं. 'तंतुमय खा' म्हणून कोंड्याची भाकरी, कच्च्या कोशिंबिरींचा ढीग सुरू करणाऱ्यांचं पोट का फुगतं ते इथे कळतं. इसबगोलचं आतड्यात फार कमी आंबवण होतं, त्यामुळे गॅस कमी धरतो.

पहिला आठवडा मला थोडं फुगल्यासारखं झालं. डॉक्टरांनी अर्ध्या चमच्यापासून सुरू करून दर चार-पाच दिवसांनी वाढवायला सांगितलं, तसं केल्यावर बसलं. आता रात्री एक मोठा चमचा, मोठ्या पेल्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी एक पेला पाणी. हे पाणी टाळायचं नाही. कोरडा किंवा घट्ट झालेला इसबगोल घशात, आतड्यात अडकू शकतो, आणि ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांनी तो घेऊच नये. परिणाम एका रात्रीत येत नाही. मला दोन-तीन आठवडे लागले. पण खालचं साफ व्हायला लागलं तसा वरचा गच्चपणाही उतरला, हे मला अपेक्षित नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हे नेहमीचं आहे, खाली तुंबलं की वरही मंदावतं.

रात्रीचं जे चूर्ण काढून टाकलं त्याच्या डब्यावर घटक वाचले तर पहिलंच नाव सोनामुखी. सोनामुखी काम करते, यात शंका नाही. तिच्यातले सेनोसाइड मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे बदलतात आणि आतड्याला ढकलायला लावतात, म्हणून सकाळी हमखास होतं, कधी मुरड्यासह. अडलेल्या दिवशी ती औषध आहे. माझी तक्रार 'गॅस'ची आहे असं ऐकून दुकानदाराने ते रोज घ्यायला दिलं होतं, आणि रोज, महिनोन्महिने, स्वतःच्या मनाने घ्यायची ती वस्तू नव्हे. चूर्ण कुठलंही घ्या, डब्याची मागची बाजू वाचा.

तासगावचे काळे बेदाणे भिजवून सकाळी खायचे, हा आमच्याकडचा लाडका उपाय. वाळवलेल्या आलुबुखाऱ्यावर चाचणी झाली आहे आणि तिथे तो इसबगोलपेक्षाही सरस ठरला होता. बेदाणा म्हणजे आलुबुखारा नाही. त्यात साखर भरपूर, मधुमेहींनी जपून. मला पोट साफ व्हायला मदत झाली पण गॅस वाढला, म्हणून आता आठवड्यातून कधीतरी.

ज्येष्ठमध मी घेतलाच नाही, आणि सासूबाईंचा बंद केला. जळजळीवर तो बरेच जण चघळतात. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. सासूबाई घसा बसतो म्हणून रोज कांडी चघळायच्या आणि त्यांचा रक्तदाब गोळी असूनही वर राहत होता. "मध आहे गं तो, त्याने काय होतंय," असं त्या म्हणत होत्या. डॉक्टरांनी सांगितल्यावर सोडला. पुढच्या तपासणीत आकडा खाली होता. त्याच सुमारास त्यांनी लोणचं-पापडही कमी केलं होतं, त्यामुळे श्रेय कुणाचं किती हे मी सांगणार नाही.

ज्यांना इसबगोल सुरू करायचा आहे त्यांच्यासाठी एक शेवटचं. थायरॉइडची, मधुमेहाची, हृदयाची किंवा दुसरी कुठलीही गोळी चालू असेल तर इसबगोल तिच्यापासून निदान दोन तास लांब ठेवा, नाहीतर गोळी त्या गरात अडकून कमी शोषली जाते. माझी थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी असते, म्हणून मी इसबगोल रात्री धरला. तुमची गोळी रात्रीची असेल तर तो दुपारच्या जेवणाआधी घ्या.